खड्ड्यात वाजला पाहिजे

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. माझ्या काचेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेलेली भेग आहे, पाठीवर ग्रीसचे डाग आहेत आणि चार्जरची पिन जरा तिरकी धरल्याशिवाय माझ्या पोटात वीज जात नाही. माझ्या वयाचे बहुतेक भाऊबंद आज कुठल्या ना कुठल्या ड्रॉवरमध्ये गंजक्या चाव्या आणि संपलेल्या पेनांबरोबर पडून आहेत. मी मात्र अजून कामावर जातो. माझी जागा दुसऱ्याने घेतली, ती कशी घेतली आणि ती भरून काढायला माझ्या मालकिणीने कसं जंग जंग पछाडलं, ते आज सांगणार आहे. मधेच हसलात तरी चालेल. मी रागावत नाही, फक्त तापतो.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या कारखान्यात झाला. कुणी मला कॅमेरा दिला, कुणी बॅटरी, कुणी कंठ. शेवटी एका मुलीने मला कानाला लावलं, ‘हॅलो’ म्हणाली आणि खोक्यात बंद केलं. मी जगात ऐकलेला तो पहिला शब्द. मग बरेच दिवस काळोख, आणि एकदम एका दुकानाच्या काचेमागे लख्ख उजेड. तिथे माझा रुबाब काय विचारता! येणारा-जाणारा प्रत्येक जण मला हातात घेऊन स्वतःचाच फोटो काढून बघायचा.

मला विकत घेतलं ते एका लिफ्टवालीने. लिफ्ट चालवणारी नव्हे, दुरुस्त करणारी. लिफ्टच्या कंपनीत ती नुकतीच कायम झाली होती आणि त्या आनंदात तिने मला उचललं. माझ्यात सिमच्या दोन जागा होत्या. तिने एकीत आपला जुना नंबर घातला आणि दुसरी रिकामीच ठेवली. “एक तोंड पुरे,” ती म्हणाली, “दोन दोन नंबर सांभाळायला मी काय मंत्री आहे?” कामाचाही तोच नंबर, घरचाही तोच.

घरी तिचे बाबा होते. ते टेलर. सगळे त्यांना मास्तर म्हणत. दुकान बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण शिलाईमशीन खिडकीपाशी होतं आणि गळ्यात टेप होताच. मी घरी आलो त्या संध्याकाळी त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं, टेप लावून माझी उंची-रुंदी घेतली आणि पॅंटच्या उरलेल्या जाड कापडातून माझ्यासाठी पिशवी शिवली. तिला मागे पट्ट्यात अडकवायचा बंद, वर झाकण, झाकणाला बटण. मित्रांनो, अंगाबरोबर बेतलेला कपडा मिळण्याचं भाग्य फार थोड्या मोबाईलना लाभतं.

मग मास्तरांनी लेकीचा नंबर पाठ करायला घेतला. आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकांची मापं डोक्यात ठेवली होती, तेव्हा नंबरही त्यांनी मापासारखाच घेतला. दहा आकड्यांच्या पाच जोड्या केल्या: उंची, छाती, कंबर, बाही आणि गळा. त्या हिशेबाने जो माणूस तयार झाला त्याची कंबर निघाली अठरा आणि गळा ब्याण्णव.

“एवढ्या गळ्याचा माणूस मी जन्मात पाहिला नाही,” मास्तर हसत म्हणाले, “म्हणजे आता जन्मात विसरणारही नाही.”

माझी उमेदीची वर्षं मजेत गेली. सकाळी पट्ट्याला लटकायचं आणि इमारतीमागून इमारत पालथी घालायची. कधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, जिथे जाड दोर चाकावरून सरसर पळतात, तर कधी लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात. तुम्ही लिफ्टमध्ये उभे राहता, तेव्हा तुमच्या पायाखाली, तळमजल्याच्याही खाली, एक खोल चौकोनी खड्डा असतो. तिथे शिडीने उतरावं लागतं. वायरींचे फोटो मी काढायचो, अंधारात टॉर्च मीच व्हायचो, आणि लिफ्टमध्ये अडकलेलं माणूस रडवेलं होऊन फोन करायचं तेव्हा तिचा शांत आवाज मीच त्याच्यापर्यंत न्यायचो. “घाबरू नका, दाराला हात लावू नका, मी निघालेय.” अशी किती माणसं तिने बाहेर काढली असतील, आणि बाहेर आल्यावर त्यातल्या कितींनी तिच्याबरोबर माझेही आभार मानले!

पण वय कुणाला चुकलंय? एकदा शिडीवरून पडलो तेव्हा काच गेली. माझ्या आवाजाच्या जाळीत लोखंडाचा भुगा बसला आणि माझी रिंग उशीखालून आल्यासारखी घुसमटून येऊ लागली. बॅटरी दुपारीच मान टाकू लागली. लिफ्टवाली मला कामात वापरायची, हव्या त्या खिळ्याला टांगायची, तेलकट बोटांनी कुरवाळायची, पण माझ्याकडे बघायला तिला सवड नव्हती. मी कुरकुर केली की दोन चापट्या मारायची आणि मी पुन्हा चालू व्हायचो.

त्याच सुमारास मास्तरही विसरायला लागले. आधी कात्री कुठे ठेवली ते, मग जेवण झालं की नाही ते. पुढे पुढे घराबाहेर पडल्यावर परतीचा रस्ता. त्यांना वेगळा फोन घेऊन दिला नव्हता असं नाही. दोनदा दिला. दोन्ही वेळा खिशात कुणाचा तरी फोन सापडला म्हणून त्यांनी तो प्रामाणिकपणे शेजारच्या दुकानात नेऊन दिला. “कुणीतरी विसरलंय बिचारं, आलं की द्या.” गळ्यात पत्त्याची चिठ्ठी घातली, तर कपड्याला लेबल बाहेरून लावत नाहीत म्हणून ती उसवून टाकली. डोक्यातलं एकेक पान गळत होतं, पण त्या ब्याण्णव गळ्याच्या गिऱ्हाइकाला काही धक्का लागला नव्हता. वाट चुकली की मास्तर समोर दिसेल त्या दुकानात शिरत, कुणाचाही फोन मागत आणि मापं सांगत. मग मी वाजायचो, आणि ती जाऊन त्यांना घेऊन यायची. असं आमचं बरं चाललं होतं.

एके दुपारी आम्ही एका जुन्या रुग्णालयाच्या लिफ्टखाली उतरलो होतो. वर लिफ्टची केबिन झाकणासारखी, चारी बाजूंना ओली भिंत. माझ्यातलं नेटवर्क शिडीच्या दुसऱ्याच पायरीवर गेलं. त्याची आम्हाला सवय होती. काम लांबलं. शेवटी ती वर आली आणि माझं अंग थरथरायला लागलं. एकाच अनोळखी नंबरावरून पुन्हा पुन्हा फोन येऊन गेल्याचे निरोप. तिने उलटा फोन लावला. पलीकडे औषधांच्या दुकानातली बाई होती.

“अहो, एक आजोबा आले होते. छाती, कंबर सांगायला लागले, मला आधी कळेचना. मग म्हणाले, मुलीचा नंबर आहे, लावा. कितीदा लावला हो, पण लागतच नव्हता. मी गिऱ्हाईक बघतेय तोवर निघून गेले.”

“कुठल्या बाजूला गेले?”

“नाही हो बघितलं. चुकलंच माझं. त्यांना बसवून ठेवायला हवं होतं.”

लिफ्टवाली एरवी कधी धावत नाही. तिच्या कामात घाई करणारा माणूस हात गमावतो. त्या दिवशी ती धावली. गल्लीगल्लीतून विचारत फिरली. दिवे लागायच्या सुमारास मास्तर सापडले. त्यांचं दुकान पूर्वी जिथे होतं तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर ते गळ्यातला टेप बोटाला गुंडाळत बसले होते. तिला पाहून ओशाळल्यासारखे हसले.

“मला वाटलं, मी गळ्याचं माप चुकलो,” ते म्हणाले. “म्हणून तू आली नाहीस.”

“नाही हो बाबा, माप बरोबर होतं. फोन चुकला.”

हे बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं. मला ते लागलं. खरं सांगायचं तर खड्ड्यात लहरी पोचत नाहीत त्याला मी काय करणार? पण मास्तर स्वतःच्या आठवणीवर शंका घेताहेत हे ऐकल्यावर मला माझी बाजू मांडावीशी वाटेना. त्यांचा त्या नंबरावरचा भरवसा एकदा उडाला असता, तर तो डोक्यातून पुसला जायला वेळ लागला नसता. मग बाप आणि लेक यांच्यामधला शेवटचा धागाच तुटला असता. हे मला कळलं तसं तिलाही कळलं. घरी पोचेपर्यंत तिने मनाशी गाठ मारली होती: नंबर हाच राहील, आणि तो खड्ड्यात वाजला पाहिजे. त्यासाठी फोन बदलावा लागो, सिमची कंपनी बदलावी लागो, नाहीतर दोन्ही.

दुसऱ्या दिवशी तिच्या मोठ्या भावाचा फोन आला. तो लांबच्या शहरात राहतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. माणूस वाईट नाही, पण सल्ला देताना त्याला श्वास घ्यायचंही भान राहत नाही.

“हे बघ, तू बाहेर जाताना दाराला बाहेरून कुलूप लाव. शेजारच्या काकू बाबांवर लक्ष ठेवतात खऱ्या, पण त्यांना दुपारची डुलकी लागतेच. कुलूप लावलं की विषय संपला.”

“दादा, मी दिवसभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढते. आणि घरी येऊन बाबांना कोंडू?”

मग दादा नरमाईने म्हणाला, “बरं बाई. मग निदान फोन तरी चांगला घे. कॅमेरा बघून घे हं.”

ऑफिसातही त्याच आठवड्यात फोनचा विषय निघाला. साहेबांनी सगळ्या कारागिरांना कंपनीतर्फे कोरे करकरीत फोन द्यायचं ठरवलं होतं. नवा नंबर, कंपनीचंच सिम, तक्रारी थेट फोनवर. तिलाही एक खोकं मिळालं. तिने ते उघडलं, फोनची कड पाहिली आणि परत बंद केलं.

“साहेब, यात एकच सिम बसतं.”

“मग? तुझा जुना नंबर बंद करून टाक की. सगळ्यांना नवा कळव.”

“सगळ्यांना कळवता येईल. एका माणसाला नाही कळवता येणार.”

“मग दोन फोन ठेव.”

“एका खिशात पाना, एका खिशात टेस्टर. शिडीवर मला दोनच हात असतात. दोन फोन ठेवले तर एक खाली पडणारच, आणि पडणारा नेमका घरचाच असणार. मी माझा फोन घेते. ऑफिसचं सिम त्यातच घालीन.”

साहेबांनी हातातलं पेन टेबलावर आपटलं. “तुझी मर्जी. पण तक्रारीचा फोन चुकला तर मी ऐकून घेणार नाही.”

“चुकणार नाही,” ती म्हणाली आणि ते खोकं टेबलावर ठेवून उठली. फुकटचा फोन परत करणारी कारागीर साहेबांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

आता तुम्ही म्हणाल, बाबांना नवा नंबर शिकवायला काय हरकत होती? दादालाही तेच वाटलं. तो रोज व्हिडिओवर यायचा आणि ऑफिसच्या नव्या नंबराची मापं मास्तरांकडून घोकून घ्यायचा. मास्तर मान डोलवत ऐकायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी टेप गळ्यातून काढला, हातात गुंडाळला आणि हात जोडून म्हणाले, “दादासाहेब, माफ करा. नवीन गिऱ्हाईक घेत नाही मी आता. नजर साथ देत नाही.”

दादाने कॅमेऱ्यापासून तोंड फिरवलं. त्यानंतर त्याने नव्या नंबराचं नाव काढलं नाही.

म्हणजे नंबर ठरला. आता राहिली कंपनी. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते हे तिला माहीत होतं, पण कुठल्या कंपनीत जायचं? जाहिराती पाहाव्यात तर प्रत्येक जण आपणच पाताळापर्यंत पोचतो म्हणून छाती ठोकत होता. आमच्याकडे होती ती घोडेवाली. तिच्या जाहिरातीत पांढरे घोडे धावायचे. दुसरी होती छत्रीवाली. तिसरी इतकी जुनाट की तिची जाहिरात कुणी पाहिल्याचंच आठवत नव्हतं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. लिफ्टवालीने दोन्ही परक्या कंपन्यांची सिमं आणली आणि माझी इतकी वर्षं रिकामी पडलेली दुसरी जागा वापरात आली.

“अगं, या डबड्यात कसली परीक्षा घेतेस?” तिच्याबरोबर काम करणारा मिस्त्री म्हणाला. सडपातळ बांध्यामुळे सगळे त्याला वायर म्हणत. “आधी नवा फोन घे, मग बघ.”

“उलट आहे. या म्हाताऱ्याचे कान गेलेत. याच्यात वाजलं तर कुठल्याही फोनमध्ये वाजेल.”

मित्रांनो, माझं म्हातारपण कुणाच्या उपयोगी पडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या शब्दांनी माझ्या खिळखिळ्या अंगात बळ आलं. मीही ठरवलं की परीक्षा संपेपर्यंत डोळे मिटायचे नाहीत.

घोडामैदान जवळच होतं. तिच्या फेरीतल्या एकेका इमारतीच्या खड्ड्यात आम्ही उतरलो. कचेऱ्यांची उंच काचेची इमारत, जुनं ग्रंथालय, मालाचं गोदाम आणि शेवटी ते रुग्णालय. वायर वर उभा राहून आळीपाळीने फोन लावायचा. ती खाली मला हातात धरून बसायची, आणि लिफ्टची केबिन मुद्दाम अगदी डोक्यावर आणून ठेवायची. घोडेवालीचे घोडे कचेऱ्यांच्या इमारतीत छान दौडले, पण रुग्णालयाच्या खड्ड्याच्या काठाशी येऊन थबकले. छत्रीवालीच्या रेघा भरलेल्या दिसायच्या, पण फोन लागला की “हॅ...” एवढंच ऐकू यायचं आणि पुढचं गडप. दिसतं तसं नसतं म्हणतात ते खोटं नाही. मग आली ती बिनजाहिरातीची. रेघ एकच, तीही थरथरती. लिफ्टवाली श्वास रोखून बसली. मीही बसलो.

आणि मी वाजलो! घुसमटलेला, खरखरता, पण वाजलो. वरून वायरचा आवाज आला, “ऐकू येतंय का गं?” ती ओरडली, “शिडीवरून ऐकू येतोयस की फोनमधून?” वायर दारापासून लांब, रस्त्यापर्यंत गेला आणि पुन्हा बोलला. फोनमधूनच येत होता. तिथल्या तिथे ती माझ्या फुटक्या काचेवरून अंगठा फिरवत म्हणाली, “शाब्बास रे.” इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली होती.

दुसऱ्या दिवशीही तिने तीच परीक्षा पुन्हा घेतली. एकदा लागलेला फोन नशिबानेही लागतो असं तिचं म्हणणं. पुन्हा लागला. त्या कंपनीचं इंटरनेट गोगलगायीला लाजवणारं होतं. “असू दे,” ती म्हणाली. “बाबा काही मला सिनेमा पाठवणार नाहीत.”

नव्या फोनसाठी आम्ही दुकानात गेलो तो प्रसंग मात्र मी विसरणार नाही. स्वतःचीच जागा घेणारा निवडायला जायचं, आणि तेही तिच्या पट्ट्याला लटकून! दुकानदार उत्साही होता. त्याने एकाहून एक गुळगुळीत फोन काचेवर मांडले.

“ताई, यातून चंद्राचा फोटो येतो. खड्डेसुद्धा दिसतात चंद्रावरचे.”

“इथलेच खड्डे पुरेत मला. वाजतो कसा ते दाखवा.”

तिने प्रत्येक फोन आपल्या जाड जॅकेटमध्ये गुंडाळला, स्टुलाखाली ठेवला आणि वाजवून घेतला. जो ऐकू आला नाही तो बाद. हातमोजा घालून उचलता आला नाही तो बाद. एकच सिम घेणारा तर हातात घ्यायच्या आधीच बाद. शेवटी दुकानदाराने खालच्या कप्प्यातून एक जाडजूड, रबरी कडांचा फोन काढला. दिसायला तो साबणाच्या वडीसारखा होता.

“हा बघा. याला कुणी विचारत नाही, पण आवाज असा आहे की शेजारचा माणूस दार उघडेल. आणि एक सोय सगळ्यात भारी. अनोळखी नंबर आपोआप तोडतो. कटकटच नाही.”

“तीच सोय काढून टाका.”

“अहो, लोक त्यासाठीच घेतात!”

“माझे वडील वाट चुकले की दुसऱ्याच्या फोनवरून फोन करतात. दरवेळी नवा माणूस, नवा नंबर. मला अनोळखी नंबरच हवाय.”

दुकानदाराने तो फोन स्वतःकडे ओढून घेतला, एकेक पान उघडून ती सोय शोधली, बंद केली, आणखी कुठे लपून बसली नाही ना हे पाहिलं. फोन ‘शांत’ करून ठेवला तरी तिच्या जुन्या नंबरावर कुणी हाक मारली की तो वाजेल अशी तजवीज केली. मग तिच्याकडचं परीक्षेचं सिम त्यात घालून शेजारच्या पानवाल्यापासून शिंप्यापर्यंत चार जणांना हाक मारून त्यांच्या फोनवरून तो वाजवून दाखवला. “आता बिनघोर जा, ताई,” तो म्हणाला.

यापुढे कामाची माणसं ऑफिसच्या नंबरावर आणि जुना नंबर फक्त घरचा, असं तिने ठरवलं. पुढचे कितीतरी दिवस ती इमारतीमागून इमारत फिरून लिफ्टमधल्या पाट्यांवरचा आपला नंबर पुसून ऑफिसचा लिहीत होती. म्हणजे जुन्या नंबरावर अनोळखी फोन आला, की तो बहुतेक बाबांचाच असणार.

कंपनी बदलताना नंबर काही तास मुका होतो. त्या दिवशी तिने रजा काढली आणि मास्तरांजवळ बसून राहिली. ते जुन्या चादरीला दुमड घालत होते आणि ती दोरा ओवून देत होती. दुपारी माझ्यातलं नेटवर्क हळूच गेलं, आणि या वेळी ते परत येणार नव्हतं. तिने पिनेने कप्पा उघडला आणि सिम काढलं. आयुष्यभर बोलत आलो, तो एका क्षणात मुका झालो. वाईट वाटलं, मित्रांनो, फार वाईट वाटलं. नव्या सिमवर तो नंबर जागा झाला तेव्हा शेजारच्या खोलीतून त्या साबणाच्या वडीने असा टाहो फोडला की मास्तरांच्या हातून सुई पडली.

मला वाटलं, आता ड्रॉवर. पण सकाळी तिने माझी जुनी पिशवी उचलली. नवा गडी तिच्यात मावेना. मास्तरांना नवी शिवणं आता जमत नव्हतं, म्हणून त्याला तिने छातीच्या खिशात टाकलं आणि पट्ट्याला नेहमीसारखं मला अडकवलं. “तुझा टॉर्च अजून चांगला आहे,” ती म्हणाली. मी पुन्हा कामावर रुजू झालो.

काही आठवडे गेले. आम्ही त्याच रुग्णालयाच्या खड्ड्यात होतो. लाल बटण दाबून लिफ्ट थांबवलेली, मी खिळ्याला टांगलेला, तिच्या हातावर उजेड पाडत होतो. इतक्यात तिच्या छातीशी नवा फोन कडाडला. घरचा नंबर आणि पलीकडे अनोळखी आकडे. तिने दातांनी हातमोजा ओढून काढला.

“हॅलो? बाबा?”

“कोण ताई बोलताय?” मास्तरांचा आवाज स्वच्छ आला. “नमस्कार. हे सायकलवाले गृहस्थ भले आहेत, त्यांनी लावून दिला. जरा एक निरोप द्यायचा होता.”

मास्तरांनी तिचा आवाज ओळखला नव्हता. खड्ड्यात आवाज घुमतो, बदलतो. त्यामुळेही असेल. माझ्या उजेडात मला तिचा चेहरा दिसत होता, आणि तिला कळलं होतं की त्यामुळे नाही.

“सांगा ना,” ती म्हणाली.

“माझी मुलगी लिफ्टचं काम करते. हा तिचाच नंबर, पाठ आहे माझा. ती भेटली तर सांगाल का, की मी इथे आहे? आणि जेवून घे म्हणावं आधी. कामात असली की ती जेवत नाही. लहानपणापासून तसंच आहे तिचं.”

तिचे डोळे भरून वाहत होते, पण आवाज तोच होता, अडकलेल्या माणसांशी बोलतानाचा.

“सांगते हं. तुम्ही तिथेच बसा. दाराबाहेर जाऊ नका. ती निघालीय.”

“तुम्ही कोण बोलताय, ते नाही कळलं.”

“मी तिच्याबरोबरच असते. रोज.”

“बरं झालं,” मास्तर म्हणाले. “म्हणजे एकटी नाही ती.”

सायकलवाल्याकडून पत्ता घेऊन तिने फोन खिशात टाकला, बाहीने डोळे पुसले, मला खिळ्यावरून काढलं आणि शिडी चढायला लागली. वर वायर होता. “पुढचं तू बघ,” म्हणाली आणि निघाली. मास्तर सायकलवाल्याच्या स्टुलावर बसलेले सापडले. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला. “आलीस? मी निरोप ठेवला होता. बाई चांगल्या होत्या हं, लगेच सांगितलं त्यांनी तुला.” ती म्हणाली, “हो बाबा, लगेच सांगितलं.” मग समोरच्या खानावळीत ती त्यांच्या शेजारी बसून जेवली, पोटभर.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखे कितीतरी फोन घ्याल आणि टाकाल. घेताना त्याची चकाकी पाहू नका असं मी म्हणणार नाही, मीही एके काळी चकाकत होतो. पण तुमची वाट बघणारं माणूस कुठून हाक मारील आणि तुम्ही तेव्हा कुठे असाल, हे आधी पाहा. तिथे तो वाजतो का, ते स्वतः जाऊन बघा. जुना झाला म्हणून लगेच फेकू नका, त्याच्यात एखादा टॉर्च शिल्लक असतो. आणि आमच्या पोटात शेकडो नंबर राहतात म्हणून निर्धास्त राहू नका. एक तरी नंबर स्वतःच्या डोक्यात ठेवा, मापासारखा पक्का. आज घरी गेलात की पाठ करा. आणि तुमचा नंबर ज्याला पाठ आहे त्याचा फोन आला, तर तो तुम्हाला ओळखो न ओळखो, तुम्ही उचला.